मधला ठोका

विषय : जप्त केलेली व्हिडिओ कॅसेट (एक नग) न पाहता व न ऐकता नष्ट करण्याबाबत.
संदर्भ : श्री. चंद्रप्रकाश गोविंद परब, राहणार घाटकोपर (पश्चिम), यांचा अर्ज.

वरील विषयास अनुसरून पहिली अडचण अशी की, असा अर्ज कुणी करत नाही. पोलिसांनी वस्तू जप्त केली की लोक ती परत मागतात. सायकल मागतात, घड्याळ मागतात, चोरीचा माल असला तरी आपलाच म्हणून मागतात. माझी वस्तू जाळून टाका आणि जाळण्यापूर्वी तुम्हीही ती लावून बघू नका, असं लिहून देणारा इसम मुद्देमाल सांभाळणाऱ्या हवालदाराने नोकरीत प्रथमच पाहिला. त्याने अर्ज उलटा केला, मागे काही लिहिलं आहे का ते पाहिलं, आणि अर्जदाराला वेडा ठरवण्यापूर्वी बसायला बाकडं दाखवलं.

अर्जदार वेडा नव्हता. वेडा असता तर त्याला एवढं शुद्ध मराठी लिहिता आलं नसतं, आणि ठाण्यात त्याचं काम कदाचित लवकर झालं असतं.

१

चंद्रप्रकाश परब मूळचा गिरणीच्या साचेखात्यातला, मागावरचा कामगार. संप मिटला की कामावर जाऊ, असं म्हणता म्हणता शेजारच्या माणसाने भाजीची गाडी लावली, दुसरा मालवणला परत गेला, आणि चंद्रप्रकाशने फंडाचे पैसे घालून व्हिडिओ कॅमेरा घेतला. घाटकोपरच्या डोंगराकडच्या वस्तीत शहाऐंशी साली कॅमेरावाला म्हणजे जवळपास डॉक्टर. लोक त्याला घरात आधी बसवत, मग नवऱ्या मुलाला. कॅमेरा खांद्यावर, रेकॉर्डर पट्ट्याने कमरेला, दोघांच्या मध्ये नाळेसारखी वायर. डोळ्याला लावायच्या नळीत जग काळंपांढरं दिसे. रंग नंतर, टीव्हीवर.

लग्नाच्या धंद्याचे दोन नियम त्याला पहिल्याच हंगामात कळले. एक, मांडवातल्या प्रत्येकाचा चेहरा कॅसेटमध्ये आलाच पाहिजे, नाहीतर कुणाचा तरी मामा रुसतो. दुसरा, लग्नाचा खरा आवाज कुणालाच नको असतो. आचाऱ्याच्या शिव्या, व्याह्यांची कुजबुज, 'साडी किती हलकी दिली बघा' असं कॅमेऱ्याशेजारीच बोलणारी आत्या, हे सगळं पुसायचं आणि त्यावर सिनेमाची गाणी भरायची. याला डबिंग म्हणतात. चंद्रप्रकाश ते इतक्या इमानाने करत असे की, आपल्या कॅमेऱ्याच्या माइकने काय काय ऐकलंय हे त्याने एकदाही कान देऊन ऐकलं नव्हतं. हेडफोन खोक्यात प्लास्टिकसकट पडून होता.

हेडफोन खोक्यातून बाहेर निघाला धाकट्या भावामुळे. नंदू एका औषध कंपनीच्या पॅकिंग खात्यात होता आणि उरलेल्या वेळात ड्रम वाजवत होता. त्याच्या वाद्यवृंदाचं नाव 'ऑर्केस्ट्रा मधुचंद्र'. सगळे वादक बिनलग्नाचे असल्यामुळे या नावावर चटकन एकमत झालं होतं. आखातात कार्यक्रम नेणाऱ्या एका ठेकेदाराने त्यांना सांगितलं होतं, कॅसेट द्या, तिकडच्या लोकांना दाखवतो, पसंत पडली तर सगळ्यांची तिकिटं काढतो. फक्त आवाज खरा हवा. वरून गाणी चिकटवलेली चालणार नाहीत.

नंदूला पॅकिंग खात्यात आणखी एक वर्ष काढायचं नव्हतं. ठेकेदार महिनाअखेरीस जाणार होता. पुढच्या खेपेला दुसऱ्या ऑर्केस्ट्राची कॅसेट त्याच्या बॅगेत असणार, हे उघड होतं.

२

कार्यक्रम व्यायामशाळेत होता. वस्तीत दुसरं छप्पर असलेलं ठिकाणच नव्हतं. कौलारू लांबट हॉल, एका टोकाला चौथरा, भिंतीला मुद्गल आणि लाठ्या, आणि मधोमध जमिनीत पुरलेला मल्लखांब. तो काढता येत नसे, त्यामुळे कसलाही कार्यक्रम असला तरी लोक त्याच्याभोवती खुर्च्या मांडून बसत आणि निम्म्यांना निम्मंच दिसे. वस्ताद भाऊराव साताऱ्याकडचे, सत्तरीला टेकलेले, पण पाठ अजून ताठ. त्यांनी आधीच बजावलं होतं की चौथऱ्यावर चपला चालणार नाहीत. त्यामुळे 'मधुचंद्र'ची मंडळी चमचमत्या शर्टांत आणि अनवाणी पायांनी उभी होती.

रविवारची दुपार होती. चंद्रप्रकाशने हेडफोन कानावर चढवला आणि कॅमेरा सुरू केला. पहिलं गाणं बाळाचं. बाळा गायक, पोस्टात टपालाची वर्गवारी करणारा, गळ्याने गोड आणि स्वभावाने आगाऊ.

गाणं उभं राहिलं आणि चंद्रप्रकाशला ठेक्यात काहीतरी जास्तीचं ऐकू आलं. साचेखात्यात पंधरा वर्षं काढलेल्या माणसाचा कान असा असतो की शंभर साचे धडधडत असले तरी एकाचा धोटा चुकला तर मान वळते. समेच्या किंचित आधी, नंदूच्या दोन ठोक्यांच्या मध्ये, आणखी एक ठोका पडत होता. ड्रमचा नव्हे. ओल्या गोणीवर लाकूड बसल्यासारखा, जाड. आणि त्याच्या मागोमाग एक श्वास. हं.

त्याने हेडफोन काढला. हॉलमध्ये बाळाचं गाणं चालू होतं, ठेका सरळ होता, भाऊराव खांबाला टेकून मान हलवत होते. हेडफोन लावला. ठोका. हं.

वायर सैल असेल. त्याने वायर दाबली. माइकवर कुणाचा धक्का बसत असेल. माइक त्याच्या नाकासमोर होता. त्याने नळीतून नंदूच्या हातांवर नजर रोखली. हात योग्य तेच करत होते, आणि ठोका येतच होता, हातांना न विचारता.

मग सवयीने त्याने कॅमेरा लोकांवर वळवला. चेहरे यायलाच हवेत. काळ्यापांढऱ्या चौकटीतून ओळखीचे चेहरे सरकत गेले. सुगंधा शिवणवाली, मागे पानवाला खंडू, रेशन दुकानातला विद्याधर, सगळे टाळ्या वाजवत होते. निदान हात तसे हलत होते. पण नळीतल्या चित्रात हात एकमेकांना भेटत नव्हते. ते खाली येत होते. कशावर तरी येऊन थांबत होते आणि पुन्हा वर जात होते.

त्याने दुसरा डोळा उघडला. लोक टाळ्या वाजवत होते.

भिंगावर धूळ, असं त्याने ठरवलं. धंद्यात जे समजत नाही त्याला धूळ म्हणतात.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने घरी कॅसेट लावली. वनमाला, त्याची बायको, चुलीपाशी बसून खलबत्त्यात लसूण कुटत होती. तिची पाठ टीव्हीकडे होती. पहिलं गाणं अर्ध्यावर आलं नसेल, ती तशीच पाठमोरी म्हणाली, "ओ, कोणाक मारतत हे?"

त्याने विचारलं, कोण मारतंय? ती म्हणाली, टीव्हीत. कुणाला तरी बडवतायत ते ऐकू येत नाही का, लग्नात भांडण झालं होतं काय. आणि पुन्हा कुटायला लागली.

त्याला बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. जे दोघांना ऐकू येतं ते यंत्रातलं असतं, डोक्यातलं नव्हे. त्याने स्पिरिट काढलं, रेकॉर्डरचं हेड पुसलं, कॅसेट मागे नेऊन पुन्हा लावली. ठोका जागेवर होता. उलट आता स्वच्छ येत होता. हं. आवाज माणसाचा होता आणि तो माणूस माइकच्या अगदी जवळ होता, जवळपास कॅमेऱ्याला गाल लावून उभा असल्यासारखा.

थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं की खलबत्त्याचा आवाज ठेक्यात पडतोय. गाण्याच्या ठेक्यात नव्हे. मधल्या.

त्याने हाक मारली. वनमाला वळली नाही. त्याने जाऊन पाहिलं तेव्हा लसणाचं केव्हाच पाणी झालं होतं. खलबत्त्यात तिचं डाव्या हाताचं मधलं बोट होतं. ती बत्ता उचलत होती, थांबत होती, ठोका आला की खाली आणत होती. चेहरा नेहमीचा, तिसरीकडेच लक्ष असलेला. रक्त लसणात मिसळून गुलाबी झालं होतं, आणि नखाच्या जागी नख नव्हतं.

त्याने टीव्हीचं बटण बंद केलं नाही, वायरच उपटली. तिचा हात थांबला. तिने बोटाकडे पाहिलं आणि शेजारणीच्या मुलाबद्दल विचारावं तसं विचारलं, "ह्यां कोणाचा?"

मग किंकाळी आली. ती मात्र मनापासून होती.

डॉक्टरने बोटाचं टोक कापून काढलं. वहिनींचं लक्ष नव्हतं वाटतं, म्हणाला. चंद्रप्रकाश हो म्हणाला. डॉक्टरांना लोक नेहमी हो म्हणतात, त्यामुळे त्यांना आपलं निदान बरोबर असल्यासारखं वाटतं.

४

त्याने आवाज पुसला. कॅसेट वाया गेली तर गेली, पण तो आवाज घरात नको होता. रेकॉर्डरला डबिंगवर टाकलं, माइकची वायर काढून ठेवली आणि सगळी कॅसेट कोऱ्या शांततेने भरली. चित्र तसंच राहिलं, आवाज गेला. तपासण्यासाठी त्याने ती एकदा मुकी चालवली. नंदूच्या उजव्या हाताची काठी समेच्या आधी एकदा जास्त खाली आल्यासारखी दिसली. कॅसेटची गती मागेपुढे झाली असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि टीव्ही बंद केला. आदल्या दिवशी नळीतून पाहिलेल्या याच चित्रात काठी आली नव्हती, हे त्याला ठाऊक होतं. पण बायकोचं बोट गेलेलं असताना माणूस एका काठीवर फार वेळ अडून बसत नाही.

नंदू संध्याकाळी आला. त्याला आधी वहिनीचं बोट सांगितलं, मग कॅसेटचं. बोटाबद्दल तो हळहळला. कॅसेटबद्दल म्हणाला, "वाट लावलीस यार दादा. मी काय लग्नात नाचलो होतो काय, माझा आवाज पुसायला?"

चंद्रप्रकाशने ठोक्याचं सांगितलं. नंदू हसला. म्हणाला, ड्रमचा प्रत्येक ठोका मी टाकतो, माझ्या ड्रममध्ये दुसऱ्याचा ठोका येतोय हे मला कळणार नाही का. वहिनीला चक्कर आली असेल, तू गिरणीत कान घालवून बसलायस, आणि तिकडे तो ठेकेदार चाललाय. दोघा भावांमध्ये त्यानंतर जे बोलणं झालं त्यात आई, गिरणी, संप, आणि लहानपणी पतंग कुणी फाडला होता हे सगळं आलं. शेवटी रडवेल्या आवाजात नंदूनेच मार्ग काढला. चित्र आहेच ना. टीव्ही मुका लावू, चित्र बघत बघत आम्ही तोच कार्यक्रम पुन्हा वाजवू, तू आवाज नव्याने भर. माझे हात मला दिसतील, मी त्यांच्या मागे मागे जाईन. टाळ्यांसाठी लोकांना बोलावू, येतील, फुकट आहे.

कल्पना झकास होती. सिनेमातले लोक रोज हेच करतात. चंद्रप्रकाशने ती कुठे चुकते ते शोधून पाहिलं आणि त्याला सापडलं नाही. आवाज पुसलेला होता. जे नाही ते काय करणार?

एवढं नक्की की तो नाही म्हणू शकला असता. पण समोर नंदू होता, आणि पॅकिंग खात्यातल्या खोक्यांच्या कडांनी कापलेले त्याचे हात होते.

५

पुढच्या रविवारी, उन्हं कलायच्या आत, तेच लोक त्याच खुर्च्यांवर बसले. टीव्ही मल्लखांबाला टेकून एका स्टुलावर ठेवला होता, तोंड चौथऱ्याकडे, म्हणजे वादकांना दिसावा. चंद्रप्रकाश चौथऱ्याच्या पायऱ्यांवर रेकॉर्डर घेऊन बसला, हेडफोन कानावर. टीव्हीला हॉलची वीज होती. रेकॉर्डर त्याने नेहमीप्रमाणे बॅटरीवर चालवला, कारण वस्तीची वीज कधीही जाई.

बाळाने लोकांना समजावलं की टाळ्या गेल्या वेळी जिथे वाजवल्या तिथेच वाजवा. खंडू पानवाला मागून म्हणाला, मग मागच्या वेळी मी मधेच लघवीला गेलो होतो, आताही जाऊ का. हशा पिकला. शहाऐंशी सालातला त्या हॉलमधला तो शेवटचा हशा.

पहिलं कडवं बरं गेलं. नंदूची नजर पडद्यावरच्या स्वतःच्या हातांवर खिळली होती, दाढी करताना आरशात खिळते तशी. दुसऱ्या कडव्यात त्याने मधला ठोका टाकला. बाळाने गाता गाता मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. नंदूने पाहिलं नाही. पडद्यावर काठी खाली आली, म्हणून त्याचीही आली. पुन्हा आली. आणि हेडफोनमध्ये, कोऱ्या करून टाकलेल्या त्या पट्टीवर, श्वास उमटला. हं.

लोक टाळ्या वाजवत होते. मग मांड्यांवर वाजवू लागले. भाऊराव खांबापाशी उभे राहून ओरडले, "ताल धरा की रं, मांड्या कशाला बडवताय?" तेवढ्यात सुगंधाने आपल्या पुढच्या खुर्चीवरच्या बाईच्या पाठीत हात मारला. जोराने, थापटीने नव्हे. ती बाई पुढे कलंडली, सावरली, आणि पुढच्या ठोक्याला तिने तिच्या पुढच्याच्या मानेवर मारलं. विद्याधरने खुर्ची घडी केली. घडी करायला त्याला दोन ठोके लागले, तो घाईत नव्हता. तिसऱ्याला ती शेजाऱ्याच्या तोंडावर बसली आणि दातांचा आवाज चंद्रप्रकाशने हेडफोनमधून ऐकला.

कुणी ओरडत नव्हतं. सगळ्यात भयंकर ते होतं. ठोक्याला हात पडत, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये माणसं शांत उभी राहत, बसच्या रांगेत उभी राहावीत तशी. एका बाईने त्या मधल्या वेळात पदर सारखा केला. खंडूने भिंतीवरचा मुद्गल काढला, तोल तपासला, आणि वाट पाहिली.

भाऊराव टीव्हीकडे धावले. बंद करायलाच धावले असावेत, त्यांना एकट्यालाच काहीतरी समजलं होतं. पण टीव्ही हॉलच्या मधोमध होता आणि मधोमध जाणारा माणूस सगळ्यांच्या हाताशी येतो. पहिला फटका त्यांच्या गुडघ्यावर बसला. ते खाली बसले. "अरे पोरांनो," एवढं त्यांनी म्हटलं, ज्यांना त्यांनीच लाठी धरायला शिकवलं होतं त्यांना. पुढच्या ठोक्याला लाठ्या, खुर्च्या, मुद्गल आणि रिकामे हात एकदम खाली आले. मग सगळे थांबले. मग पुन्हा आले. तालीम चांगली झाली होती, कुणाचा वार मागेपुढे होत नव्हता.

चंद्रप्रकाश पायऱ्यांवरून उठला तेव्हा त्याची नजर पडद्यावर गेली. तिथे त्याचाच कॅमेरा लोकांवरून सरकत होता. सुगंधा, खंडू, विद्याधर, चेहरे यायलाच हवेत. हात खाली येत होते. खुर्च्यांच्या मधून क्षणभर वाट मोकळी झाली आणि ज्याच्यावर हात येत होते ते दिसलं. मल्लखांबाच्या जागी उभं होतं. तेवढंच उंच. त्याला डोकं होतं आणि ते मागे झुकवलेलं होतं, डोळे मिटून, पहिल्या रांगेतला जुना जाणकार गाणं अंगावर घेताना झुकवतो तसं. फटका बसला, मांस फाटून बाजूला झालं, आणि त्या जखमेच्या तोंडातून श्वास आला.

इतके दिवस चंद्रप्रकाश समजत होता की तो श्वास मारणाऱ्याचा आहे. तो मार खाणाऱ्याचा होता. आणि ते कण्हत नव्हतं. ते दाद देत होतं.

त्याने टीव्हीची वायर उपटली. पडदा काळा झाला. काहीच थांबलं नाही. नंदू काळ्या पडद्याकडे बघत वाजवत होता. एक काठी मोडली होती, तिचं टोक त्याच्या तळहातात घुसलं होतं, आणि ड्रमच्या पांढऱ्या कातड्यावर लाल शिंतोडे उडत होते. चंद्रप्रकाशने त्याला नावाने हाक मारली. आई मारायची त्या घरच्या नावाने मारली. मग माइकचा लोखंडी स्टँड उचलला आणि भावाच्या उजव्या हातावर एकदा मारला.

एकदा. हे त्याने ठाण्यात सांगितलं आहे, इस्पितळात सांगितलं आहे आणि वनमालेला सांगितलं आहे.

ठेका थांबला. लोक आपापल्या हातांतल्या वस्तूंकडे बघत उभे राहिले. बऱ्याच वेळाने कुणीतरी विचारलं, खाली कोण पडलंय.

६

भाऊरावांना ओळखायला त्यांच्या लंगोटाला बांधलेला ताईत उपयोगी पडला. चेहऱ्याचा उपयोग नव्हता.

जबाब सगळ्यांचे झाले. त्यात सरकारी कामात क्वचित आढळणारं साम्य होतं. आम्ही टाळ्या वाजवत होतो, असं प्रत्येकाने सांगितलं, आणि सांगताना हात पुढे केले. हात सुजलेले होते. जोरात वाजवल्या असतील, असं सुगंधा म्हणाली, आणि तिला खरंच तसं वाटत होतं. पोलिसांनी काहींना धरलं, काहींना सोडलं, कॅमेरा, रेकॉर्डर आणि कॅसेट जप्त केली.

बाळाचं एकट्याचं म्हणणं थोडं वेगळं पडलं. तो चौथऱ्यावर होता, त्याच्या पायापाशीच सगळं झालं. चंद्रप्रकाश त्याला पोस्टात जाऊन भेटला. बाळा टपालाच्या गठ्ठ्यामागे उभा होता आणि एरवीचा आगाऊपणा कुठेच नव्हता.

"प्रकाशदादा, एकदा नाय," तो खाली बघत म्हणाला. "तुम्ही थांबतच नव्हता. मी कमरेला मिठी मारली होती तुमच्या. तुम्ही मला घेऊन मारत होता."

चंद्रप्रकाशने विचारलं, मारताना मी घाईत होतो का.

बाळाने हातातलं टपाल खाली ठेवलं. "नाय," म्हणाला. "मधे मधे थांबत होता."

इस्पितळात नंदूचे दोन्ही हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये होते. जबडा तारेने बांधलेला होता. डॉक्टर म्हणाले, एका फटक्याने एवढं होत नाही, आणि पुढे काही विचारलं नाही. वनमाला बांधलेलं बोट सांभाळत नंदूला चमच्याने पेज भरवत होती. बरीचशी पेज ओघळत होती. नंदू भावाकडे बघत होता. त्या नजरेत राग असता तर चंद्रप्रकाशने तो पदरात घेतला असता. माफी असती तर रडला असता. तिथे यातलं काही नव्हतं. ती नजर काहीतरी पुढचं येण्याची वाट पाहत होती.

चंद्रप्रकाश रात्री नळावर हात धुताना आपला उजवा हात पाहू लागला. तळव्याच्या कातड्यावर स्टँडच्या आट्यांचे वळ होते, एकावर एक. एकदा पकडलं तरी वळ उठतात, असं तो वनमालेला म्हणाला. ती हल्ली त्याच्याशी बोलताना दाराच्या बाजूला उभी राहते.

खरं काय ते कळायचा एकच मार्ग आहे. रेकॉर्डर बॅटरीवर होता. टीव्ही बंद पडल्यावरही तो चालू राहिला, आणि डबिंगचं बटण दाबलेलं होतं. त्या हॉलमध्ये शेवटपर्यंत जे जे झालं त्याचा आवाज त्या कॅसेटवर भरला गेला आहे. चंद्रप्रकाशने किती वेळा मारलं तेही त्यावर आहे. फटके मोजायला फक्त कॅसेट लावायला हवी.

म्हणून अर्ज.

अर्जावर झालेली कार्यवाही अशी. हवालदाराने तो आवक वहीत नोंदवला. फौजदारसाहेबांनी अर्जदाराला बोलावून घेतलं आणि सरळ विचारलं की पुरावा नष्ट करायला मागणारा माणूस सहसा कोण असतो, तुला माहीत आहे ना. चंद्रप्रकाश म्हणाला, माहीत आहे. साहेब म्हणाले, भावाला तू मारलंस ते त्यात आहे, म्हणून तुला ती जाळायची आहे. चंद्रप्रकाशने सांगितलं की मी मारलं असं मी लिहून देतो, हवे तेवढे फटके लिहा, खाली सही करतो, पण ती लावू नका. साहेबांना हा कबुलीजबाब आवडला नाही. फार सहज मिळालेली वस्तू सरकारला संशयास्पद वाटते. त्यांनी अर्जावर शेरा मारला की, सदर कॅसेटमध्ये काय आहे हे पाहिल्याशिवाय ती नष्ट करण्यायोग्य आहे किंवा कसे हे ठरवता येत नाही, सबब ती पंचांसमक्ष लावून पाहावी व नंतर अर्जाचा विचार करावा.

पंच मिळाले आहेत. समोरचा इराणी हॉटेलवाला आणि कोपऱ्यावरचा सायकलवाला. सबंध ठाण्याला उत्सुकता असल्यामुळे मोठ्या खोलीतली टेबलं बाजूला सारून बाकं मांडली आहेत, कोठडीतल्यांनाही गजांतून दिसेल अशी. व्हिडिओ भाड्याने आणला आहे. अर्जदारास त्या वेळी हजर राहण्याची परवानगी नाकारण्यात आली, म्हणून तो बाहेरच्या बाकड्यावर बसून आहे.

अर्ज प्रलंबित आहे.